लाकड्याचा खांदा

८ जुलै, मंगळवार

आज मी आमच्या बैलाले चुलीत घालाले निघाली होती.

पाऊस लागला म्हणून गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यातून जळतन काढत होती. प्लास्टिकखाली एक जाड ठोकळा दिसला. ओढला, तर एक पाय तुटून हातात आला. जळतनाले पाय नसते, एवढं तर मले चौथीपर्यंतच्या शाळेतही शिकवलं होतं. उलटं करून पाह्यलं, तर लाकड्या.

लाकड्या म्हणजे आमचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं सजवून ओढत नेते, तो. आंब्याच्या लाकडाचा, माह्या गुडघ्याएवढा, पाटीवर उभा, खाली चार चाकं. आमची ज्योत्स्ना तीन वर्साची होती तवा आमच्या बुढ्यानं स्वताच्या हातानं कोरला. (बुढा म्हणजे माहा नवरा. तवा तो बुढा नव्हता.) डावा कान उजव्यापेक्षा लांब झाला. मी हासली, तर म्हणे, "तुह्यं ऐकाले एक तरी कान लांब पाह्यजे."

आता त्याचं पोट सडलं होतं, पाठीवर पांढरी बुरशी. कोणं ठेवला त्याले तिथं? मीच. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनच्या पोत्याईले जागा पाह्यजे म्हणून मीच कोपऱ्यात कोंबला. वरच्या टिनाले भोक हाये हेही मलेच माहीत होतं.

बुढा दारात उभा राहून पाह्यत होता. मी म्हटलं, "पाह्यता काय? इकडून धरा." तो "हूं" म्हणला आन गेला.

डायरीचं सांगाचं राह्यलं. डॉक्टर म्हणे बीपी वाढला, ओरडणं कमी करा. ज्योत्स्ना वाशीमहून फोनवर म्हणे, "आई, राग आला का वहीत लिहीत जाय. मानसाईवर काढू नको." कृषी केंद्रातून फुकट भेटलेली ही डायरी घरात होती. जानेवारीपासून कोरी हाये. सहा महिने मले राग आला नाई, असा अर्थ कोणी काढू नये.

१० जुलै, गुरुवार

त्या "हूं"ची गोष्ट लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईन.

मार्चात बुढ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगतलं, आता वजन उचलाचं नाई, औत धराचं नाई. मी इंझोरीले घरी आली, चहा पिली, आन बुढा दवाखान्यात होता तवाच बैलजोडी इकून टाकली. राजा आन परधान. कामरगावच्या एका मानसानं नेली. मले वाटलं, हा घरी आल्यावर इचारत बसलं तर रडारड होईन, त्यापेक्षा उरकून टाकावं. मी सगळं उरकूनच टाकते. ज्योत्स्नाच्या वेळेस सुईण यायच्या आधीच मी उरकलं होतं.

बुढा घरी आला, पाय न धुता गोठ्यात गेला. दोन्ही खुंटे रिकामे. तो काहीच बोलला नाई. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलेही ओरडता आलं असतं. तवापासून जेवणाचं ताट गोठ्यात नेते आन खुंट्याजवळ बसून एकटाच खाते. वरून ताट घासून आणून ठेवते. ते घासलेलं ताट मले शिवीपेक्षा जास्त लागते.

दीड महिन्यावर पोळा. आमच्या घरची जोडी तोरणाखाली उभी राह्यली नाई, असा एक पोळा मले आठवत नाई. यंदा नाई राहाची. म्हणून मी ठरवलं का निदान लाकड्या चांगला कराचा आन तान्ह्या पोळ्यात न्याचा. मंग तरी बुढा सैपाकघरात येऊन जेवंन.

१३ जुलै, रविवार

लाकूड सडते ओलीनं. लोणच्यावर तेल तरंगत असलं का लोणचं सडत नाई. मंग लाकड्याले तेलतूप लावलं का झालं, एवढं डोकं माह्याजवळ हाये.

घरचं तूप कायले वाया घाला? डालडा घेतला. चुलीले पोतेरं देते तसा सारवला सगळा, शेपटीपासून शिंगापर्यंत. अर्ध्या घंट्यात काम खतम.

शेजारची नानीबाई कुडावरून पाहून राह्यली होती. "काय वो चतुराबाई, बैलाचे लाडू वळता का?"

"तुह्या नवऱ्याले लावून पाह्यते, मंग तुले सांगते," मी म्हटलं. डॉक्टरनं ओरडाले मना केलं, बोलाले नाई.

१५ जुलै, मंगळवार

मुंग्या. इंझोरीतल्या साऱ्या मुंग्याईले आवतन गेलं असावं. त्या तरी बऱ्या. उंदरानं लांबवाला कान कुरतडून खाल्ला. डालडा लागलेला कान, त्याचा तरी काय दोष? आता लाकड्याचे दोन्ही कान सारखे.

माह्या बापानं माहं नाव चतुरा कोण्या भरवशावर ठेवलं, कोण जाणे.

बुढ्याले दाखवलं नाई. फडक्यानं झाकून ठेवला. संध्याकाळी पाह्यलं तर पाटीच्या भवताल चुलीतल्या राखेची रेघ ओढेल होती आन मुंग्या गेल्या होत्या. नानीबाईचं काम असंन. तिले दुसऱ्याच्या घरात हात घालाची सवयच हाये.

१९ जुलै, शनिवार

डालडा गरम पाण्यानं धुतला. (लाकडाले पाणी! आता लिहिताना लाज वाटून राह्यली, तवा वाटली नाई.) मंग ओल्यावरच सोयाबीनचं तेल ओतलं. ते काही वाळत नाई. बोट लावलं का चिकटते. कोंबडी अंग घासून गेली तर चार पिसं चिकटली. आता बैल हाये का कोंबडा, वळखू येत नाई. आन तेलाखालून बुरशी पुन्हा वर आली, पहिल्यापेक्षा जोरात. आतली ओल मी आतच कोंडली.

वाळावा म्हणून कडक उन्हात ठेवला तर पाठीले चीर पडली. अजून एक: मी उन्हात ठेवते आन घंट्याभरानं पाह्यते तर हा सावलीत. तीन दिवस झाले. चाकं हाये, उतारानं जात असंन.

आमचं अंगण सपाट हाये, पण असंन.

२२ जुलै, मंगळवार

आज लाकड्याले पोत्यात घालून जीपनं मदनसिंगाच्या तांड्यावर नेलं. मदनसिंगानं आयुष्यभर बंड्या केल्या. ह्या भागातल्या अर्ध्या बैलगाड्याईची चाकं त्याच्या हातची. आता म्हातारा झाला. हात कापते. मले चहा देला तर अर्धा बशीत, अर्धा धोतरावर.

पोत्यातून लाकड्या काढला. त्यानं आधी एक पीस उपटलं.

"हे काय लावलं बाई याले?"

मी सांगतलं. डालडा, गरम पाणी, सोयाबीन, ऊन.

"आन मीठ-मिरची?"

त्यानं नखानं पोट खरवडलं, भुसा पडला. पाठ खरवडली, भुसा पडला. मान, मांड्या, सगळीकडे तेच. मंग खांद्यावर नख गेलं आन थांबलं. पुन्हा जोरात ओढलं. ओरखडाही नाई. पाण्याचा थेंब टाकला, तो घरंगळून खाली गेला. काळाभोर, चकचकीत, जुन्या काठवटीसारखा गुळगुळीत खांदा. मी आठ-नऊ दिवस त्याले सारवून राह्यली होती आन मले दिसला नाई.

"बाकीचा बैल मेला बाई, आन खांदा जिता हाये. इथं कोनं काय लावलं?"

तवा मले आठवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलते, म्हणून तूप-हळद लावून पळसाच्या पानानं चोळाचा आन म्हणाचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आमचा बुढा राजा-परधानाचं झालं का लाकड्याचाही खांदा चोळत बसे. दरसाल. एवढा वेळ, का इकडे पोळ्या थंड होत. सहा सालाआधी मी भांडली, "लाकडाले तूप कायले? ते काय जू वाहते?" आन तुपाची बरणी लपवून ठेवली. तवापासून ते बंद.

मदनसिंगाले सांगतलं. तो हासला. "खांदा त्या तुपानं नाई वाचला एकट्या. तूप तुमीबी लावलंच असतं, आन उंदरानंच खाल्लं असतं. हा हाताचा गुन हाये. चोळून चोळून आत जिरवलं, वर काई ठेवलंच नाई. हळदीनं कीड लांब राह्यली. कोन चोळत होतं?"

"हाये आमच्या घरी एक येडा."

"मंग त्या येड्याले सोडून माह्याकडे काहून आल्या?"

"तो बोलत नाई माह्यासंग."

"तुमी बोलल्या का त्याच्यासंग?"

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. मी उठली.

जीपवाला दुसऱ्याच कोणाले बोलवत होता. अर्धा घंटा फाट्यावर उभी राह्यली.

मदनसिंगानं सांगतलेलं लिहून ठेवते, नाईतर मी काही तरी तिसरंच करीन. सडकं खरवडून काढाचं. सावलीत, हवेत आठ दिवस वाळवाचं. जवसाचं तेल आणाचं, घाण्याचं. ते लाकडात जाऊन वाळते, बाकीचे वाळत नाई. कोमट करून फडक्यानं लावाचं, अर्ध्या घंट्यानं वरचं सगळं पुसून घ्याचं. मंग आठ दिवस हात लावाचा नाई. असे तीन हात. तेलाची फडकी बोळा करून फेकाची नाई, पसरून वाळत घालाची. गोळा राह्यली तर आपोआप तापून पेट घेते.

फडकं आपोआप पेट घेते म्हणे. बुढ्या मानसाईचं काही खरं नसते.

३० जुलै, बुधवार

आठ दिवस! लाकड्या चुलीच्या वरच्या फळीवर वाळला आन मी खाली. रोज पाच वेळा चढून बोट लावलं. आज पह्यला हात देला. कारंज्याहून जवसाचं तेल आणलं, कोमट केलं, लावलं, पुसलं. सगळं बरोबर केलं. फडकी कोपऱ्यात फेकली.

खरवडून पोट आत गेलं. दुष्काळातला बैल दिसते. तीन पायाचा दुष्काळातला बैल.

३१ जुलै, गुरुवार

कोपऱ्यातली फडकी गोठ्याच्या दोरीवर एक-एक पसरून वाळत होती. मीच टाकली असंन, इसरली. बीपीच्या गोळीनं इसराले होते म्हणते.

२ ऑगस्ट, शनिवार

मले आठ दिवस दम निघाला नाई. आज दुसरा हात देला. तीन दिवसही झाले नाई. आन पुसाचंही राह्यलं, कारण दळण घेऊन गिरणीवर जाचं होतं. येऊन पाह्यते तर पुन्हा तेच चिकट. म्हणजे पुन्हा कोंबडा.

चतुराबाई, तुह्यासारखी तूच.

३ ऑगस्ट, रविवार

चमत्कार. सकाळी पाह्यलं तर चिकट नाई, काही नाई. सगळं पुसल्यासारखं, मऊ. म्हणजे माह्या हाताले गुण हाये. मदनसिंग उगाच भेव दाखवते.

पण एक गोष्ट. जवसाच्या तेलाची बाटली अर्धी झाली. मी एवढं लावलं नाई. नानीबाई येऊन गेली होती, चटणीत घालाले नेलं असंन. हळदीचा डबाही खाली गेला. बुढ्याचे तळहात पिवळे दिसले, म्हणजे गुडघ्याले हळद लावत असंन. दुखते तर सांगावं ना. त्याच्या धोतरावर तेलाचे डाग, चार वेळा साबण लावला तरी निघत नाई. मी ओरडली नाई. इथं लिहून राह्यली.

९ ऑगस्ट, शनिवार

लाकड्याले चौथा पाय आला!

सकाळी फडकं उचललं तर चार पायावर उभा. नवा पाय बाभळीचा, बाकीच्यापेक्षा थोडा जाड, पण असा घट्ट बसवला का हलवून हलत नाई. मी लगेच मदनसिंगाले फोन लावला.

"भाऊ, पाय बसवून गेले आन चहालेही थांबले नाई!"

"म्या?" तो म्हणे. "बाई, माह्या हातानं चहाची बशी धरनं होत नाई, पाय कुठून बसवतो?" आन खो-खो हासत सुटला.

मोठा माणूस. केलेलं सांगत नाई. मी बुढ्याले मुद्दाम ऐकवलं, "पाहा, परक्या मानसाले कदर हाये. नाईतर घरचे." तो "हूं" म्हणला. आज मले वाटलं का तो हासला. पण त्याले दात कमी हाये, अंदाज लागत नाई.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

काल तिसरा हात देला. पुसला. (गिरणीवर गेली नाई.) आज मुद्दाम लोटाभर पाणी लाकड्याच्या पाठीवर ओतलं. अळूच्या पानावरून जाते तसं गेलं. पोटावरून गेलं, मानेवरून गेलं. मी नानीबाईले बोलवून दुसऱ्यांदा ओतलं.

ती म्हणे, "लय चांगला झाला वो. पन पोळ्याले राजा-परधान नाई म्हनून घर सुनं लागंनच."

पाणी ओतून झालं होतं, नाईतर तिच्यावर ओतलं असतं.

ती गेल्यावर मी गोठ्यात जाऊन दोन्ही खुंटे पाह्यले. परधानाची जीभ खरखरीत होती, भाकर देल्ली का मनगट चाटे. काही नाई, आठवलं म्हणून लिहिलं.

२० ऑगस्ट, बुधवार

बुढा सकाळच्या बसनं न सांगता गेला. नानीबाईच्या मानसानं पाह्यलं, कामरगावच्या बसमध्ये बसला म्हणे. म्हणजे जोडीकडे. दोन दिवसावर पोळा, आता तिकडेच राहते का काय? राहो. मी काय अडवून ठेवलं?

दुपारी पोळ्याची डाळ निवडाले बसली. तीच डाळ तीनदा निवडली. खडे निघालेच नाई.

ज्योत्स्नाचा फोन आला. म्हणे, "आई, तू बाबाले कवा तरी म्हटलं का, का माहं चुकलं?" मी म्हटलं, "लाकड्याले जवसाचे तीन हात देल्ले." ती म्हणे, "ते लाकडाले देल्ले, आई." आवाज बरोबर येत नव्हता म्हणून मी फोन ठेवला.

दिवे लागाच्या वेळेस बुढा आला. हातात रुमालाची पुरचुंडी. ताट घेऊन गोठ्यात गेला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी.

गावात घरोघरी बैलाईचे खांदे चोळणं सुरू. आमच्या गोठ्यात कोणी नाई. मी वाटीत तूप घेतलं, घरचं, चांगलं कढवलेलं. हळद कालवली. पळसाचं पान घेतलं आन गेली. खांदा चोळाचं काम घरच्या मालकाचं असते, पण मालक बोलत नाई तर मालकिणीनं करावं.

लाकड्या दोन खुंट्याईच्या मधात उभा होता. गळ्यात पितळेची घाटी. ती घाटी मी वळखली. राजाची. मी जोडीसंगच देऊन टाकली होती. म्हणजे काल ती आणाले गेला होता.

बुढा बाजूले बसेल. मी काही न बोलता पान तुपात बुडवलं आन खांद्यावर फासाले लागली. लवकर उरकावं आन जावं.

"लिपू नको," तो म्हणला. "चोळ."

पाच महिन्यात पह्यल्यांदा दोन शब्द. तेही माही चूक काढाले. मी म्हटलं, "मंग तुमीच चोळा ना."

त्यानं पान घेतलंच नाई. तळहातावर तूप घेतलं आन चोळाले लागला. खांद्यावरून मानेवर, मानेवरून पोटाखाली. इकडे माह्याकडे पाह्यत होता आन हात तिकडे आपोआप फिरत होता. नव्या पायाच्या सांध्यात त्याचं बोट न पाहता बरोबर गेलं. पाठीवरची चीर त्याले माहीत होती. उंदरानं खाल्लेला कान त्यानं दोन बोटात धरला आन त्यालेही तूप लावलं. तळहात पिवळे. धोतराले जवसाचा डाग.

मी उभ्या-उभ्या बाटलीचा हिशेब लावला, दोरीवरच्या फडक्याईचा लावला, राखेच्या रेघेचा लावला. नानीबाईले मी मनातल्या मनात किती शिव्या देल्ल्या होत्या, त्या सगळ्या वापस घेतल्या. एक ठेवली, दुसऱ्या कामाची होती.

मंग मी खाली बसली आन दुसऱ्या बाजूनं चोळाले लागली. वेळ लागते. हात दुखते. पण हळूहळू तूप वर राहतच नाई, लाकूड पिऊन घेते आन गरम लागते, जितं असल्यासारखं.

"तुमी दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी थांबाले पाह्यजे होतं," मी म्हटलं. लाकड्याच्या पाठीकडे पाहून म्हटलं. "इचाराले पाह्यजे होतं."

तो लय वेळ चोळत राह्यला. मंग म्हणला, "हूं."

पण हा हूं वेगळा होता. पाच महिने तोच एक शब्द ऐकून मले त्यातला फरक कळाले लागला.

झाल्यावर आवतनाचे शब्द म्हणा लागते. ते मालकानं म्हणाचे, पण तो वाटी पुसत बसला. म्हणून मीच लाकड्यासमोर हात जोडले आन म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

घाटी वाजली. माहा धक्का लागला असंन.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. तोरणाखाली गावच्या जोड्या उभ्या राह्यल्या, आमची नव्हती. मी पाहाले गेली नाई. पुरण वाटत होती.

नैवेद्याचं ताट लाकड्याले गोठ्यात नेऊन ठेवलं. बुढ्याचं ताट वाढलं आन रोजच्यासारखं दाराजवळ ठेवलं, गोठ्यात न्याले. मी चुलीकडे तोंड करून पोळ्या शेकत राह्यली.

मागून पाट सरकल्याचा आवाज आला. मी वळली नाई. तव्यावरची पोळी करपली, तरी वळली नाई.

तीन पोळ्या खाल्ल्या. मंग म्हणला, "कटाच्या आमटीत मीठ कमी हाये."

मीठ बरोबर होतं. मी चाखून पाह्यलं होतं, दोनदा.

उठली आन त्याले मीठ आणून देल्लं.